शेजारचं रॉकेट

जिजींनी भिंतीपलीकडून आधी खलबत्ता दाखवला, मग तोंड. खलबत्ता आतून काळाकुट्ट झालेला.

"बघा बाई, हे बघा. ठेच्याचा खलबत्ता माझा. सुनेच्या हाती देत नाही मी तो. आणि या कार्ट्यानं त्यात कोळसा कुटला!"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? नातू तुमचा, दुसरं कोण!"

नातवानं उपद्व्याप केला की तो माझा असतो. वर्गात पहिला आला की जिजींच्या माहेरावर गेलेला असतो.

"रॉकेट करतो म्हणे. काय सांगू वं माय, मन्हं डोकं फिरी गयं." जिजी शहाद्याकडच्या. एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात, पण राग आला की अहिराणीशिवाय त्यांचं पोट भरत नाही. "खाटेखाली झाडू घातला तर काय काय निघालं! वहीच्या कागदाच्या गुंडाळून चिकटवलेल्या नळ्या, डिंकाची बाटली, आणि चहाच्या डब्यात कसली तरी राखाडी पूड. गेल्या वर्षीचे फुसके फटाके सोलून जमवलेली. डबा कुठं ठेवला होता ठाऊक आहे? देवघराच्या कोपऱ्यात. समईपासून हातभरावर!"

"जिजी, तो डबा आधी पाण्यात बुडवा."

"बुडवला की. बादलीत. आता ती बादली कुठं ओतू तेवढं सांगा. तुळशीला चालेल का?"

तुळशीला नको म्हटलं. जिजींना ते पटलं नसावं, कारण त्यांनी माझ्या कढीपत्त्याकडं एक नजर टाकली.

"पण हे खूळ शिरलं कुठून?"

"पुस्तकातून! शाळेतून कलामांचं 'अग्निपंख' आणलंय. रात्रीचं वाचतो आणि सकाळी आजीला विचारतो, आजी, टिपू सुलतानाची रॉकेटं ठाऊक आहेत का? मी म्हटलं, मला तुझ्या आजोबांचं रक्तातलं साखरेचं प्रमाण ठाऊक आहे, तेवढं पुरे."

पोरगं मात्र खोटं बोलत नव्हतं. कलाम अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स तळावर शिकायला गेले होते, तेव्हा तिथल्या दालनात त्यांना एक चित्र दिसलं. लढाई चाललेली, आणि रॉकेट सोडणारे सैनिक सावळ्या वर्णाचे. जवळ जाऊन बघतात तर टिपूची फौज! आपल्याकडं रॉकेटला बाण म्हणत. टिपूच्या बाणाची नळी लोखंडाची असे. कागदापुठ्ठ्याच्या नळीपेक्षा लोखंडात जास्त दाब टिकतो, म्हणून तो लांब जाई. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, इंग्रजांनी ते बाण विलायतेला नेले, आणि काँग्रीव्ह नावाच्या त्यांच्या माणसानं त्यावरून आपली रॉकेटं केली.

"म्हणजे चोरी."

"ते त्याला संशोधन म्हणतात जिजी."

"आमच्या खानदेशात चोरीच म्हणतात." जिजींनी भिंतीवर कोपर टेकलं. आता हे लांबणार हे मी ओळखलं आणि आमटीखालचा गॅस बारीक करून आले. "पण बाई, बाण म्हणजे लढाईचं. फटाके-बिटाके हे चिन्यांचं ना? आपल्यात कुठं होतं असलं?"

दारू चीनकडून आली, पण आपल्याकडं येऊन तिलाही काही शतकं झाली. एकनाथ महाराजांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त वरातीच्या वर्णनात दारूकाम आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी 1953 मध्ये भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर लिहिलं, त्यात हे सगळं शोधून ठेवलं आहे.

"कृष्णाच्या लग्नात फटाके?" जिजींचे डोळे मोठे झाले.

"नाथांनी आपल्या वेळची वरात डोळ्यापुढं ठेवली आणि ती कृष्णाला दिली."

"बरोबर केलं. द्वारकेच्या राजाचं लग्न, नुसत्या सनईवर कसं भागेल! आता तो कोपऱ्यावरचा वकील बघा. एवढी गडगंज कमाई, पण मुलीच्या साखरपुड्याला साधी फुलबाजी नाही. आणि गेल्या गुरुवारी त्यांच्या दारात सुरतेच्या पासिंगची गाडी उभी होती, तीन तास. कोण आलं होतं, काही कळलं का तुम्हाला?"

मला कळलं नव्हतं. जिजींना माझी कीव आली. पण गाडी त्यांनी मागं ठेवली, आणि मी महादजी शिंद्यांची गोष्ट सांगितली. महादजी 1792 मध्ये पुण्याला आले तेव्हा सवाई माधवराव कोवळे होते. महादजींनी त्यांना उत्तरेकडच्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथं म्हणे दारूची लंका करतात. राक्षस, वानर, मारुती, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती लागली की तो उड्या मारत लंका पेटवत जातो. पेशव्यांना हौस आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसला खेळ झाला, अशी बखरीतली हकिकत. राज्याचा कारभार, फडणीस, शिंदे यांच्यातली ओढाताण, आणि मधे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणतो, मला दारूची लंका बघायची आहे. मला तरी पेशवाईच्या सगळ्या कागदांपेक्षा ही मागणी जास्त खरी वाटते.

तेवढ्यात जिजींचे दीर, आप्पा, पाठीमागून आले. आप्पा एसटीत होते आणि काही वर्षं सांगलीकडं तासगाव डेपोत काढली आहेत. आमच्या बोलण्यातला 'दारू' हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता, आणि चेहऱ्यावर आशा होती.

"पिण्याची नाही, शोभेची," जिजींनी ती तिथंच मोडली.

"मग कवठे एकंदचं ऐका की!" आप्पा खुलले. "वहिनी, तासगाव तालुक्यातलं गाव. दसऱ्याच्या रात्री तिथं सिद्धराजाची पालखी निघते. पालखीपुढं रात्रभर आतषबाजी. आणि गंमत अशी, की विकत आणलेली नाही. गावातली मंडळंच ती तयार करतात. शेतकरी, गवंडी, मास्तर, सगळे. आमची शेवटची गाडी तिकडून परतायची ना, तेव्हा लांबून आभाळ लाल दिसायचं. औटाचा आवाज छातीत बसायचा."

"औट?"

"वर जाऊन फुटतो तो गोळा. आणि शिंगट म्हणजे लाकडाचा पोकळ नळा, त्यात दारू ठासतात. पेटला की ठिणग्यांचा फवारा. कागदाची झाडं करतात, त्यांना फुलं लागतात आगीची. धबधबा करतात. देखावे करतात. एका गल्लीनं काय केलंय ते दुसऱ्या गल्लीला दसऱ्यापर्यंत कळू देत नाहीत. सख्खे साडू असले तरी नाही."

"अगंबाई! साडूला नाही सांगत?" गुपित राखणाऱ्या गावाबद्दल जिजींच्या मनात आदर आणि संशय एकदमच उभे राहिले.

मला आप्पांच्या सांगण्यातली एक गोष्ट फार आवडली. विकतच्या फटाक्यात माणसाला काही काम नसतं. वात पेटवायची आणि पळायचं. शिंगट ठासणाऱ्याला मात्र ठाऊक असतं, की उंच कशामुळं जाईल, ठिणगी पिवळी का पडते, लोखंडाचा कीस जाडा असला की ती लांबपर्यंत कशी टिकते, कोळसा कुठल्या लाकडाचा चांगला. ही विद्या हाताला असते, आणि ती एका पिढीकडून दुसरीकडं जाते. जिजींच्या नातवाला हवं होतं ते हेच. त्याला आवाज नको होता, 'मी केलं' हे हवं होतं.

"पण आप्पा, पुढचंही सांगा," मी म्हटलं.

आप्पांचा आवाज खाली आला. "हो. 2015 मध्ये तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला. दसरा नव्हता, ऐन उन्हाळा. पोट भरायला कामाला आलेली माणसं गेली. ज्या गावाला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या येते, तिथं हे झालं."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग जिजींनी खलबत्ता भिंतीवरून खाली घेतला.

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यामुळं पुढचं मला बोलणं भाग होतं. सोरा, गंधक आणि कोळसा वेगवेगळे असतात तेव्हा गरीब असतात, एकत्र कुटले की त्यांना ठिणगीचीही फार गरज लागत नाही. आणि फुसक्या फटाक्यातली पूड त्याहून वाईट, कारण तिच्यात नेमकं काय आहे हे सोलणाऱ्याला कळायला मार्गच नाही. पूर्वी पोरं ज्याला पोटॅश म्हणायची ते क्लोरेट, त्याच्याबरोबर गंधक मिसळलं तर नुसत्या घासण्यानं भडकतं. म्हणून 1992 मध्ये सरकारनं फटाक्यांत ते दोन्ही एकत्र वापरायला बंदी घातली. ही पूड खलबत्त्यात पडली असती तर?

"नुसता कोळसाच कुटला होता हो त्यानं," जिजी घाईनं म्हणाल्या. नातू पुन्हा त्यांचा झाला होता.

"आणि ते पाइपचं काय निघालंय हल्ली?" आप्पा म्हणाले. "केळी पिकवायच्या कार्बाइडवर चालतं ते."

तेही खरं. शेतातली माकडं आणि पाखरं हाकलायला प्लॅस्टिकच्या पाइपची बंदूक करतात, कार्बाइडवर पाणी पडलं की वायू होतो आणि तो पेटतो. 2025च्या दिवाळीत आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात ती पोरांच्या हातात खेळणं म्हणून गेली. आवाज का झाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावून बघायची, आणि नेमकं तेव्हाच ते उडायचं. शंभराच्या वर पोरं दवाखान्यात गेली, काहींची दृष्टी परत आलीच नाही. आपल्या शहाद्याकडं केळी, पपई घराघरात. कार्बाइडची पुडी कुणाच्या गोदामात सापडणार नाही याची मी तरी हमी देणार नाही.

"सापडते की!" जिजींना एकदम हुरूप आला. "त्या फळवाल्याकडं... जाऊ द्या, नाव नाही घेत मी कुणाचं. पण त्याची पपई कधी घेऊ नका. वरून पिवळी, आतून पांढरी. आणि त्याची सूनही तशीच."

मग परवान्याचा विषय निघाला. आप्पांना वाटत होतं, घरच्या घरी चार भुईनळे केले तर सरकारला काय पडलंय? सरकारला पडलंय. विस्फोटकांचा कायदा 1884 सालचा आहे. शोभेची दारू थोडीच करायची असली, एका वेळी पंधरा किलोपर्यंत, तरी जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. त्याच्या वर विस्फोटक खातं, ज्याचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. कमी धुराचे हिरवे फटाके शोधून काढणारी नीरीसुद्धा नागपूरचीच.

"पंधरा किलो? एवढी तर मी एका वेळी मिरची कुटते," जिजी म्हणाल्या. "त्यालाही परवाना लागतो का?"

त्यांच्या मिरचीला लागायला हवा. पण मिरचीवरून आठवलं. दिवाळीनंतर गावाबाहेर पथारीवर लाल मिरची वाळत पडते, सगळं नंदुरबार शिंकतं. मागं एका वरातीत कुणीतरी रॉकेट तिरपं लावलं, ते सरळ पथारीच्या ताडपत्रीवर गेलं. आग पाण्यानं विझली. धूर मात्र वरातीवर आला, आणि नवरदेवासकट सगळी वरात रडत मांडवात पोहोचली. मुलीकडच्यांना वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत!

"आमच्या कामाला येणारी बाई म्हणते, तुम्हा लोकांना आवाजाशिवाय सण कळतच नाही," जिजी म्हणाल्या. ती अक्कलकुवा तालुक्यातली. काठी गावच्या होळीला त्यांची सगळी गावं लोटतात. उंच बांबू हातांनी उभा करतात, रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून बुध्ये नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. तिला आमचा सुतळी बॉम्ब म्हणजे निव्वळ उद्धटपणा वाटतो. तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडं काही नव्हतं.

"मग आता या पोराचं काय करू? सगळं काढून घेतलं तर तोंड फुगवून बसेल. आधीच कुनं ऐकस का तो?"

एवढा वेळ पोरगं पायरीवर बसून सगळं ऐकत होतं, हे आम्हाला आत्ता दिसलं. मी त्याला विचारलं, 'अग्निपंख' वाचतोस तर थुंबाचं ठाऊक असेल. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट सुटलं, नाइकी-अपाची. त्याच्या आसपासचा फोटो बघितलास? रॉकेटचा शेंडा सायकलच्या कॅरिअरवर ठेवून माणसं चालली आहेत.

"बघितलाय," तो म्हणाला.

"मग सायकलपासूनच सुरू कर. पंप आण."

थंड पेयाची बाटली, आत पाणी, तोंडाला घट्ट बूच, बुचातून ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी राहील असा विटांचा आधार. पंपानं हवा भरत गेलं की आतला दाब वाढतो, बूच सुटतं, पाणी खाली आणि बाटली वर. टिपूच्या बाणाचा आणि थुंबाच्या रॉकेटाचाही नियम हाच, जे मागं फेकाल ते तुम्हाला पुढं ढकलतं. फरक एवढाच, की यात कुणाची बोटं जात नाहीत, नुसते कपडे भिजतात. तोंड बाटलीवर आणायचं नाही, एवढं मी त्याला दोनदा बजावलं. पाणी किती घातलं तर सगळ्यात उंच जाते हे मात्र सांगितलं नाही. ते त्यानं शोधायचं.

पहिली बाटली जिजींवर उडाली. त्यांनी ती साडीसकट सोसली. दुसरी विटांवरच आडवी पडली. तिसऱ्या वेळी पोरानं पाणी कमी केलं, आणि ती सुळ्ळकन वर गेली, जिजींच्या गच्चीवरून, विजेच्या तारांवरून, वारं लागून कलली आणि थेट वकिलांच्या अंगणात उतरली.

पोरगं गेटाकडं पळणार, तेवढ्यात जिजींनी त्याचा दंड धरला.

"तू थांब. लहान पोरांनी असं कुणाच्या घरात शिरू नये." त्यांनी ओला पदर पिळला, केस नीट केले, चपला घातल्या. "मीच जाऊन आणते. चहा ठेवतील ते, थोडा वेळ लागेल. तोवर बाई, तुम्ही दुसरी बाटली भरून ठेवा. या खेपेला ती डॉक्टरांकडं जाईल असं बघा."