पक्का गेला, कच्चा राहिला

"काय हो वहिनी, सकाळपासून कढई चढलीय. पुऱ्या का?"

"समोरच्या अम्मा जेवायला येणारेत ना! वरण-भात, पोळी म्हणजे त्यांची कच्ची रसोई. परक्याच्या घरी चालत नाही. तुपात तळलं की झाली पक्की. सूनबाई मात्र गुपचूप येऊन आपली आमटी ओरपून जाते. बोलू नका हं कुठे!"

"छे हो! पण गंमत ऐका. लंडनचा नातू परवा फोनवर सांगतो, काही झकास असलं की इंग्रज म्हणतात 'पका'. आजीला इंग्रजी शिकवायला निघाला! म्हटलं, मेल्या, तो आपलाच पक्का. मूळ संस्कृतातला पक्व. साहेबाने इथून उचलला."

"काय सांगता, काकू!"

"अहो, यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात आहे. तेव्हा वजनं, विटा, रस्ते सगळ्यालाच लावायचे. पुढे अस्सल गोरा तो 'पक्का साहिब' झाला. ऑर्वेलने 1934 च्या 'बर्मीज डेज'मध्ये त्याच साहिबीची सालं काढलीत."

"आणि कच्च्याचं काय झालं?"

"तो इथल्या साहेबांच्या बोलण्यात होता, पण विलायतेत काही रुजला नाही. जोडीदार सुटला आणि पक्क्याचा अर्थ आक्रसला. तिकडे तो म्हणजे अस्सल, नाहीतर नुसता 'मस्त'. आपल्या लखनौत बघा, बिर्याणीसुद्धा पक्की. मटण वेगळं शिजवायचं, तांदूळ वेगळे, मग थर लावून दम. हैदराबादला कच्चं मटणच दमाला लावतात, म्हणून ती कच्ची. आणि रागदारीला इथे काय म्हणतात? पक्का गाना!"

"म्हणजे भातखंड्यांचं कॉलेज..."

"पक्क्या गाण्याचंच! मुंबईच्या माणसाने 1926 मध्ये इथे येऊन उभं केलं, पण पाटी लागली गव्हर्नर मॅरिसची. भातखंडे हे नाव मिळालं 1966 साली."

"साहेब शब्द घेऊन गेला आणि बदल्यात स्वतःचं नाव ठेवून गेला म्हणा की!"

"बरं, ते असू दे. कोपऱ्यावरच्यांच्या धाकटीचं जमलं म्हणे. मुलगा कानपूरचा."

"अगं बाई! बातमी पक्की आहे ना?"

"पक्की असती तर घरी पेढे आले असते, कुंपणावर कशाला सांगितली असती?"