संस्कारांवरची करसवलत

करकायद्याला धर्म नसतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र प्राप्तिकर कायद्याने ‘व्यक्ती’ या संज्ञेत ‘हिंदू अविभक्त कुटुंब’, म्हणजे एकाच पूर्वजापासून चालत आलेले एकत्र कुटुंब, हेही धरले असून त्याला स्वतंत्र करमुक्त मर्यादा दिली आहे. जैन आणि शीख कुटुंबांनाही ही सोय मिळते. ख्रिस्ती वा मुसलमान कुटुंब कितीही गुण्यागोविंदाने एका चुलीवर जेवत असले, तरी त्याला ती नाही. मग मिश्रविवाहातल्या अपत्याचे काय? एका हिंदू करदात्याने ऑस्ट्रियन ख्रिस्ती स्त्रीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले होते, आणि त्यांचा मुलगा हिंदू मानायचा की नाही, हा प्रश्न मद्रासच्या संपत्तिकर आयुक्तांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. हिंदू म्हणून वाढवलेला तो मुलगा १९७६ साली हिंदू ठरला आणि ओघाने बापाचे कुटुंबही ‘अविभक्त’ झाले. संस्कारांचे इतके रोखठोक मूल्यमापन धर्मपीठांनाही साधलेले नाही. संगणक मात्र एवढ्या खोलात शिरत नाही: पॅन क्रमांकाचे चौथे अक्षर ‘एच’ असले की कुटुंब आणि ‘पी’ असले की एकटा माणूस, मुंजीचा दाखला तो मागत नाही.