पुरावा आणा, मेजर!

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर लष्कराची भरती असली की टेप घेतलेला हवालदार पोरांच्या छात्या मोजतो. ७७ सेंटिमीटर, फुगवून आणखी ५. छाती ७६ भरली की पोरगं घरी. रात्रभर स्टँडवर झोपून आलेलं असो, पहाटे १६०० मीटर छाती फुटेस्तोवर पळालेलं असो, घरी म्हणजे घरी. लष्करात एका सेंटिमीटरचीही उधारी चालत नाही. पुढं त्याच छातीवर काय काय लागायला हवं होतं आणि त्यातलं काय लागायचं राहून गेलं, हे मोजायला मात्र कुणी टेप घेऊन येत नाही.

आपल्याकडं फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून गेला, नाईक म्हणून आला, तरी कागल-गडहिंग्लजच्या एसटीत कंडक्टर त्याला ‘या मेजर, बसा’ म्हणतो. गावानं ही बढती फुकट आणि तात्काळ दिलेली असते. तिला ना अर्ज लागतो, ना दाखला. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला तर अख्खा महाराष्ट्र सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतो. असा हा जिल्हा. इथं माणसाला मेजर व्हायला एक दिवस पुरतो, पण खऱ्याखुऱ्या मिळालेल्या पदकाची एक ओळ रेकॉर्डात चढवायला आयुष्य पुरत नाही.

धरा, असेच एक मेजर आहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. घरात एक प्लॅस्टिकची पिशवी. तीत सातबारा, सोसायटीचं पासबुक, एलआयसीची संपलेली पॉलिसी, आणि सगळ्यात खाली डिस्चार्ज बुक. पानं पिवळी पडलेली, शिवण उसवलेली, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. त्यात पदकांच्या रकान्यात लिहिलंय : सैन्य सेवा मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्य वर्धापनाचं मेडल, संग्राम मेडल. पुढं रेघ मारलेली. पूर्वी स्टार नाही.

आता हा प्रकार जरा नीट बघण्यासारखा आहे. १९७१ च्या लढाईसाठी सरकारनं संग्राम मेडल काढलं ते त्या वेळी वर्दीत असलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी. पूर्वेच्या आघाडीवर जे प्रत्यक्ष होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे रेकॉर्डाचं म्हणणं असं, की मेजर त्या डिसेंबरात फौजेत होते हे मान्य. पण नेमके कुठं होते, ते काही सांगता येत नाही. पलटण पूर्वेला होती हेही मान्य. पलटणीबरोबर मेजर होते का? पुरावा आणा.

पुरावा कुणाकडं असतो? माणूस कुठल्या तारखेला कुठं गेला, कधी आजारी पडला, कधी रजेवर गेला, पाय मोडला, लग्न झालं, पोरगी झाली, या सगळ्याचा पार्ट टू ऑर्डर निघतो आणि तो रेकॉर्ड ऑफिसात जमा होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. युनिटनं ऑर्डर छापली, रेकॉर्डानं शीट रोलमध्ये चढवली, त्यावरून डिस्चार्ज बुक भरलं. शेवटचं डिस्चार्ज बुक सोडलं तर या साखळीतला एकही कागद जवानाच्या ताब्यात नसतो. तो खंदकात असतो. कागद त्यांचा, कपाट त्यांचं, किल्ली त्यांची, आणि पुरावा मात्र मेजरनी द्यायचा, तोही तीन प्रतींत. ज्याच्याकडं वही आहे तो ज्याच्याकडं वही नाही त्याला विचारतोय की वहीत काय लिहिलंय ते सिद्ध कर. सावकारसुद्धा एवढं करत नाही हो. तो निदान स्वतःची वही उघडतो.

त्यात आमची नावं. या जिल्ह्यात दर दोन घरांमागं एक बाळासाहेब, एक बाबासाहेब, एक आप्पासाहेब. आईबापांनी पाळण्यात असतानाच पोराला साहेब करून टाकलेलं. भरतीच्या टेबलावरच्या परमुलखातल्या क्लार्कला वाटतं, हे साहेब म्हणजे मानाचं बिरुद असणार. तो ते गाळतो. कागदावर उरतो नुसता बाबा. शाळेच्या दाखल्यावर बाबासाहेब, आधारवर बाबासो, पेन्शनच्या पीपीओवर बाबा साहेब असे दोन तुकडे. आता हे चौघं एकच इसम आहेत याचं प्रतिज्ञापत्र करा. नोटरीचा शिक्का मारा. शिवाय वर्तमानपत्रात जाहिरात द्या. शत्रूच्या गोळीनं विचारलं नव्हतं तू बाबा की बाबासाहेब, ती आली आणि लागली.

भारतीय पदकांच्या कडेवर, अगदी काठावर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नखानं चाचपली की अक्षरं लागतात. तेवढ्यासाठी म्हाताऱ्याचा जीव अडकलेला असतो. धातू काय, बाजारात मिळतो. छावणीच्या बाजारपेठांत पदकांच्या नकला राजरोस विकल्या जातात, आणि सरकारकडून अस्सल पदकं वेळेवर येत नव्हती म्हणून नोकरीतले जवानसुद्धा त्याच विकत घेऊन परेडला लावत होते, हे वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. देशानं द्यायचं पदक, जवानानं पदरमोड करून घ्यायचं, आणि छातीवर लावून देशालाच सलामी द्यायची. पण त्या नकलेच्या काठावर नाव नसतं. आणि तालमीतला जुना शौकीन जसा पैलवानाचा आधी कान बघतो, तसा माजी सैनिक समोरच्याची आधी रिबीन बघतो. एक नजर टाकली की कळतं कोण सियाचीनला होता, कोण कुठल्या लढाईत होता, कोण नुसताच वर्दीत होता. मेजर त्या नजरेला भितात. पैशाचा यात काही संबंध नाही.

संबंध नाही, आणि तिथंच सगळं अडलंय. शौर्यपदकाला दरमहा भत्ता आहे. परमवीर चक्राला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,०००, असे दर २०१७ मध्ये ठरले. तिथं चूक झाली तर थकबाकी निघते, ऑडिट येतं, कुणाचा तरी खुलासा मागतात. पूर्वी स्टारला दमडी मिळत नाही. म्हणजे ही ओळ चढवायला सरकारला खर्च शून्य. आणि ज्या कामाला खर्च शून्य, त्याची घाई कुणाला? मेजरनी चार पैसे मागितले असते तर निदान नाही म्हणायला तरी कुणी फाईल उघडली असती.

१ मराठाचे लोक एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. आपल्या फौजेनं वेढा घातलेला, आत पाकिस्तानच्या ३१ बलुचचा कर्नल सुलतान. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी लिहिली आणि मुक्तिवाहिनीच्या एका म्हाताऱ्याच्या हाती पाठवली. सुलताननं त्याच दिवशी उलट टपाली उत्तर दिलं, आणि कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली. मजकुराचा अर्थ, या, लढू. दुसऱ्या रात्री काय झालं ते १ मराठाच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या इतिहासात आहे. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की शत्रूनं, वेढ्यात असताना, संध्याकाळच्या आत पत्राला उत्तर दिलं होतं. आपल्या माणसाच्या अर्जाला आपल्या कचेरीतून पोचसुद्धा येत नाही. निदान गोळी तरी पाठवा.

साहेब लोक म्हणतात, जुने कागद मिळत नाहीत. बरं. अमेरिकेत सेंट लुईसला माजी सैनिकांच्या फायलींचं भलंमोठं कोठार होतं. १२ जुलै १९७३ ला त्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. तेव्हापासून तिथली माणसं पगारपत्रकं, दवाखान्याची रजिस्टरं, युनिटचे रोजचे अहवाल असं कुठून कुठून गोळा करून त्या फायली पुन्हा उभ्या करतायत. तिथं फौज सोडताना जो कागद देतात तो डीडी २१४. त्यात पदक राहिलं असेल तर दुरुस्तीचा कागद निघतो तो डीडी २१५. अमेरिकेतही म्हातारे हेलपाटे मारतातच, तिथं काही स्वर्ग नाही. पण आग लागली ही सबब तरी खणखणीत आहे. आपल्याकडं आग लागत नाही. फाईल ‘ट्रेस होत नाही’.

अर्थात आपणही अगदीच मागं नाही. पूर्व विभागाच्या मुख्यालयातली १९७१ ची कागदपत्रं नष्ट झाल्याची बातमी २०१० मध्ये आली होती. फायली चक्क कापून टाकल्या होत्या म्हणे. बांगलादेशाला त्या लढाईतल्या लोकांचा सत्कार करायचा होता, म्हणून शोधाशोध झाली आणि कपाट रिकामं निघालं. म्हणजे कागद नाही हे कळायलासुद्धा परका देश लागला. आणि या अवस्थेत मेजरांनी, गडहिंग्लजच्या त्यांच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, पूर्व विभागाला पुरावा पुरवायचा.

कुणी म्हणेल, साध्या मोहिमेच्या पदकासाठी एवढा गहजब कशाला, मोठ्यांचं बघा. मोठ्यांचं बघू. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरचे, फौजेत ईएमईचे जवान. १९६५ ला सियालकोटच्या आघाडीवर विमानांच्या हल्ल्यात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. त्या अंगानं पठ्ठ्या पोहायला शिकला आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन आला. देशाचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला, सरकार नाही म्हणालं. २०१८ ला पद्मश्री. २०२४ ला त्यांच्यावर सिनेमा निघाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव. आधी पडद्यावर कार्तिक आर्यन आला, मग अर्जुन आला. ३७ सेकंदांच्या कामाची नोंद करायला दिल्लीला ५३ वर्षं लागली. आता प्रत्येक मेजरसाठी हिरो कुठून आणायचा?

पेटकर निदान हयात होते. राजाराम कॉलेजच्या पैलवान खाशाबा जाधवांचं काय? १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि सात हजार दिले. गावाकडं १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले, पेन्शनसाठी झगडले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. खर्डेकरांनी घर गहाण टाकताना खाशाबांकडं पुरावा मागितला नव्हता, एवढं नमूद करून ठेवतो.

दाद मागायला जागा नाही असं नाही. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण झालंय, त्याचं एक पीठ मुंबईला आहे. पंच्याहत्तरीच्या माणसानं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, वकील लावायचा, तारीख घ्यायची, परत यायचं. फुकटच्या पदकासाठी. ब्रिटनची गोष्ट सांगतात की उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातून रशियाला रसद पोचवणाऱ्या खलाशांना आर्क्टिक स्टार मिळाला तो २०१३ मध्ये, दुसरं महायुद्ध संपल्यावर अडुसष्ट वर्षांनी. आमचे बाबू हे ऐकून खूष होतील. त्यांच्या हिशेबानं १९७१ वाल्यांची मुदत अजून बरीच शिल्लक आहे.

काम खरं तर अर्ध्या दिवसाचं आहे. कुठली पलटण कुठल्या आघाडीवर होती हे रेजिमेंटच्या इतिहासात छापलेलं आहे. त्या पलटणीच्या त्या वेळच्या नामावळीशी पेन्शनरांचे नंबर ताडून बघायचे, ज्यांच्या नावापुढं स्टार नाही त्यांची यादी काढायची, आणि जे रजेवर किंवा दवाखान्यात होते तेवढे वगळून बाकीच्यांची नोंद करून टाकायची. मेजर तिकडं नव्हते असं कुणाचं म्हणणं असेल तर ते त्यानं सिद्ध करावं. पेन्शनचा सगळा कारभार आता संगणकावर आहे, हयातीचा दाखला नोव्हेंबरात एक दिवस उशिरा गेला तर तो बरोबर ओळखतो.

१६ डिसेंबरला विजय दिवस. त्या दिवशी मेजरांना दरवर्षी पत्रिका येते, वर सरकारी बोधचिन्ह, खाली ‘१९७१ च्या युद्धातील शूर योद्धे’ म्हणून नाव, पूर्ण बाबासाहेब. शाल, श्रीफळ, फोटो. मी एका मेजरांना म्हटलं, काका, तुम्ही युद्धात होता असं सरकारच लिहून देतंय, मग हीच पत्रिका अर्जाला जोडा की.

‘जोडलीती की,’ मेजर म्हणाले. ‘परत आली. झेरॉक्स चालत नाही म्हनं, मूळ प्रत पायजे. आनि मूळ प्रत तर गेटवरच काढून घेत्यात, जेवणाच्या कुपनासाठी.’