गॅरंड रायफलीची पाठचिकित्सा

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून मूळ पाठ कोणता आणि मागाहून कोणी घुसडलेला कोणता, हा वाद मराठीत अखंड चालू आहे. या शास्त्राचा एक विभाग मात्र आपल्या विद्वानांनी साफ दुर्लक्षित ठेवला. तो म्हणजे अमेरिकी सैन्याच्या एम-वन गॅरंड या अर्धस्वयंचलित रायफलीतले पाठभेद. दोष विद्वानांचा नाही, कायद्याचा आहे. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध शस्त्रांत मोडते. नेहमीच्या परवान्यावर ती मिळत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला एकूण दोनच शस्त्रे ठेवता येतात. दोन प्रतींवर कसली डोंबलाची पाठचिकित्सा होणार? निदान चार तरी हव्यात. आमच्या ओहायोतल्या एका स्नेह्यांकडे चार आहेत. त्यांच्या बेसमेंटमध्ये, डीह्युमिडिफायरच्या घरघरीत, हा प्रबंध सिद्ध झाला.

प्रथम ग्रंथकर्त्याविषयी. जॉन कँटियस गॅरंड १८८८ साली कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जन्मले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत निवृत्तीपर्यंत नोकरीला राहिले. ९ जानेवारी १९३६ रोजी त्यांची रायफल सैन्याने प्रमाण म्हणून स्वीकारली. कर्त्याची मूळ संहिता मात्र तशी नव्हती. ती .२७६ इंच व्यासाच्या काडतुसासाठी होती आणि एका दमात दहा काडतुसे घेत असे. १९३२ मध्ये तेव्हाचे सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी जुन्या .३० च्या दारूगोळ्याचा साठा गोदामांत पडून आहे या कारणाने व्यास बदलायला लावला, आणि दहाची आठ झाली. म्हणजे या ग्रंथातला पहिला प्रक्षेप छपाईआधीच, तोही प्रकाशकाने केला. गॅरंड यांनी हक्क सरकारला देऊन टाकले होते. पुढे त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक काँग्रेसपुढे आले, ते काही मंजूर झाले नाही. सुमारे ५४ लाख प्रती निघालेल्या ग्रंथाच्या लेखकाला पगाराव्यतिरिक्त मानधन मिळाले नाही, हे मराठी लेखकाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आता पूर्वपक्ष. तो वहिनींचा आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्या म्हणाल्या, ‘अहो, चारही सारख्याच तर आहेत!’ प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुऱ्या ताकदीने मांडावे अशी आपली रीत असल्यामुळे ते मांडतो. चारही रायफली एकच .३०-०६ काडतूस खातात. चौघींचे वजन सव्वाचार किलोच्या आगेमागे. आठ काडतुसे धरून ठेवणारी पोलादी क्लिप चौघींत वरूनच दाबावी लागते. शेवटची गोळी सुटली की ती रिकामी क्लिप ‘टिंग’ करून हवेत उडते, तीही चौघींतून. (या आवाजावरून शत्रूला कळायचे की समोरच्याच्या गोळ्या संपल्या आणि तो उठून धावायचा, ही कथा रंजक असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये. सगळी तुकडी भोवती गोळीबार करत असताना पत्र्याची टिंग ऐकायला फारच शांत लढाई लागते.) अंगठ्याच्या बाबतीत तर चौघींचे पूर्ण एकमत आहे. क्लिप आत बसली की बोल्ट सुटतो आणि झपकन पुढे येतो. उजव्या तळव्याच्या कडेने ऑप रॉडचा, म्हणजे बोल्ट मागेपुढे ओढणाऱ्या सळीचा, दांडा मागे रेटून धरला नाही, तर अंगठा मध्ये सापडतो. काळ्यानिळ्या नखाला अमेरिकेत याच रायफलीच्या नावाने ओळखतात. पिढ्या बदलल्या, कारखाने बदलले, नख तेच.

इतका भक्कम पूर्वपक्ष ऐकूनही स्नेही ढळले नाहीत. त्यांनी सुती हातमोजे चढवले आणि उत्तरपक्षाला सुरुवात केली.

सर्वांत जुना पाठ ‘गॅस ट्रॅप’ म्हणून ओळखला जातो. तो स्नेह्यांकडे नाही, पण त्याच्याविषयी बोलताना ते आवाज खाली आणतात. गोळी नळीबाहेर पडल्यावर जो वायू मागून येतो, तो टोकाशी बसवलेल्या टोपणात अडवायचा आणि त्याच्या दाबाने बोल्ट मागे ढकलायचा, अशी ती पहिली योजना होती. सुमारे ५० हजार रायफली अशा झाल्या. मग नळीच्या टोकाशी एक बारीक भोक पाडून तेच काम करण्याची सोपी युक्ती निघाली आणि सैन्याने जुन्या रायफली परत मागवून बदलून टाकल्या. त्याच सुमारास सातवे काडतूस अडकण्याची खोडही काढली गेली. कारखान्यात यंत्रकाम सोपे व्हावे म्हणून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या, आतली एक कड नको तेवढी कापली जात होती, ते त्याचे कारण. सैन्याने जे दोष म्हणून काढून टाकले, नेमके त्याच्याच शोधात संग्राहक आज आयुष्य घालवतात.

पहिली रायफल स्प्रिंगफील्डची, युद्धकाळातली. दुसरी विंचेस्टरची. युद्धात स्प्रिंगफील्डने पस्तीस लाखांच्या घरात रायफली केल्या, तर विंचेस्टरने ५ लाख १३ हजारांच्या आसपास. विंचेस्टरच्या यंत्रांना पुढे पुढे दम लागला होता, असा तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. त्याची प्रचीती स्नेह्यांनी मला अंगठ्याने दिली. रिसीव्हरच्या बाजूवर अंगठा हळू फिरवला की स्प्रिंगफील्ड गुळगुळीत लागते आणि विंचेस्टरवर कापणाऱ्या हत्याराच्या समांतर रेघोट्या स्पष्ट जाणवतात. ‘हेच तिचं सौंदर्य,’ स्नेही म्हणाले. मी मान डोलावली. शास्त्रचर्चेत यजमानांचे ऐकावे.

तिसरी रायफल हा या प्रबंधाचा गाभा. कोरियन युद्धाच्या काळात पुन्हा रायफली हव्या झाल्या, तेव्हा एक कंत्राट इंटरनॅशनल हार्व्हेस्टरला मिळाले. या कंपनीचा धंदा ट्रॅक्टरचा, आणि इंडियानातल्या एव्हान्सव्हिल येथील ज्या कारखान्यात रायफली करायच्या ठरल्या, तिथे फ्रिज बनत. फ्रिज करणाऱ्या हातांना रायफल सहज जमली नाही. अडचणी इतक्या आल्या की काही रिसीव्हर स्प्रिंगफील्डनेच करून त्यांना पाठवले. या उसन्या रिसीव्हरांवर मागच्या टोकाला, ज्याला जाणकार टाच म्हणतात तिथे, हार्व्हेस्टरचे नाव कोरलेले असते. मात्र ते नाव कसे मांडले आहे, यावर पंथ पडले आहेत. मजकूर चौकोनात नेटका बसला असेल तर ती ‘पोस्टेज स्टॅम्प’. ओळी बाणाच्या टोकासारख्या निमुळत्या होत गेल्या तर ‘ॲरोहेड’. आणि मजकुरात जिथे नको तिथे मोकळी जागा सुटली असेल तर ‘गॅप लेटर’. स्नेह्यांची रायफल गॅप लेटर आहे. म्हणजे एका रायफलीत आणि दुसऱ्या रायफलीत कोणी जास्तीचे पैसे मोजावेत असा जो फरक आहे, तो पोलादात नाही, नळीत नाही, नेमातही नाही. तो अक्षरांमधल्या रिकाम्या जागेत आहे. हे विधान मी केले तेव्हा स्नेह्यांना ते टीकेचे न वाटता कौतुकाचे वाटले. त्यांनी भिंग आणून ती जागा मला दाखवली. जागा खरोखरच रिकामी होती.

चौथी रायफल हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची, वूस्टरची. कारागिरी उत्तम, झिलई उत्तम, मापे बिनचूक. त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नेमबाजीला स्नेही हीच घेऊन जातात. बाकीच्या तिघींना ते मैदानावर नेत नाहीत, कारण प्रत्येक गोळीगणिक नळी झिजते आणि झीज मोजायची मापे असतात. एक नळीच्या तोंडाशी घालायचे, दुसरे काडतुसाच्या बाजूने. ज्यांच्याकडे मापे नसतात ते बनावट काडतुसाची गोळी तोंडात उलटी घालून, ती किती आत जाते ते डोळ्याने पाहतात. अलाबामातल्या ॲनिस्टनला, जिथे सरकारने जमा केलेल्या जुन्या गॅरंड ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ ही संस्था नागरिकांना विकते, तिथे मोठी माणसे रांगेने रायफलींच्या तोंडात गोळ्या घालून पाहत असतात.

आता प्रक्षेपांकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. गॅरंडचे सुटे भाग एकीतून दुसरीत चालतात, हे तिचे लष्करी वैभव. युद्धानंतर लाखो रायफली दुरुस्तीला आगारांत गेल्या. रॉक आयलंड, रेड रिव्हर अशा ठिकाणी त्या पूर्ण उकलल्या, बोल्ट बोल्टांत टाकले, दस्ते दस्त्यांत, आणि मग हाताला येईल तो भाग उचलून पुन्हा रायफली जोडल्या. कुठला बोल्ट कुठल्या रायफलीचा होता याची नोंद ठेवावी असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. शिवाय सुधारणा केल्या. युद्धकाळातली मागची साइट धक्क्याने सरकते म्हणून तिच्यावर अडवणारी पट्टी असे. नवी साइट आली आणि ती पट्टी काढून फेकली गेली. ऑप रॉडला एका काटकोनात तडा जाई, म्हणून तिथे अर्धगोल खाच पाडली. पुढे याच रायफली डेन्मार्क, ग्रीस असे देश फिरून परत आल्या, कोणाच्या नळ्या तिकडे बदलल्या, कोणाचे दस्ते. स्नेह्यांच्या स्प्रिंगफील्डचा ऑप रॉड त्यांनी मागे खेचून धरला तेव्हा नळीच्या उजव्या अंगावर कोरलेली तारीख दिसली. रिसीव्हर १९४३ चा आणि नळी १९५२ ची. मधल्या नऊ वर्षांत जुनी नळी कोणी कुठे झिजवली, हे त्या पोलादाला ठाऊक असेल तर असेल.

इथून संशोधकांचा खरा पराक्रम सुरू होतो. कोणत्या महिन्यात कोणता भाग बसत होता याचे तक्ते तयार आहेत. बोल्टवर डी २८२८७ हा आराखड्याचा क्रमांक आणि पुढे सुधारणेचा आकडा असतो. शेवट १२ असला तर तो १९४४-४५ च्या रायफलीला चालत नाही, तिथे १९ लागतो. दोन्ही बोल्ट रायफल सारखीच चालवतात, पण विषय चालण्याचा नाही. मग १२ विकायचा, १९ शोधायचा. खाच न पाडलेला ऑप रॉड मिळवायचा, जो जवळजवळ मिळतच नाही. पट्टीवाली साइट मिळवायची. अशा तऱ्हेने आगारातल्या कोणा कामगाराने एका दुपारी जे केले, ते उलट करायला संग्राहकाला निम्मी निवृत्ती लागते. शेवटी जी रायफल तयार होते तिला ते ‘करेक्ट’ म्हणतात. प्रत्येक भाग योग्य काळाचा, फक्त त्यांतले कोणतेही दोन भाग १९४३ मध्ये एकमेकांना भेटलेले नसतात.

माझे मत असे, आणि ते मी स्नेह्यांना तोंडावर सांगितले, की नळी १९५२ ची असलेली त्यांची स्प्रिंगफील्ड या चौघींत सर्वांत सच्ची आहे. तिच्यावर जे घडले ते सगळे उघड दिसते. उलट प्रत्येक आकडा जिथल्या तिथे, साइट पट्टीसकट आणि दस्त्यावरचा शिक्का ठसठशीत अशी रायफल दिसली की पहिला संशय विक्रेत्याचा घ्यावा. दस्त्यावर डाव्या बाजूला शस्त्रशाळेच्या प्रमुखाची आद्याक्षरे चौकटीत उमटवलेली असत. आधी गिल्बर्ट स्ट्युअर्टची, मग अर्ल मॅकफार्लंडची, मग जॉर्ज वुडीची, मग नॉर्मन रॅम्सेची. या शिक्क्यांच्या नकला बाजारात मिळतात. खरा शिक्का ओळखायची खूण स्नेह्यांनी दाखवली. दिवे मालवून त्यांनी टॉर्च दस्त्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. शिक्क्याच्या कडा बोथट होत्या, चौकटीची एक बाजू पार पुसलेली, आणि अक्षरांच्या तळाशी जुन्या जवसाच्या तेलाची काळी साय धरलेली. नवा शिक्का लाकडाचे तंतू तोडतो, जुना त्यांच्यात मुरतो. इतका वेळ चेष्टेच्या सुरात असलेला मी तिथे दोन मिनिटे गप्प होतो, हेही नोंदवले पाहिजे. कारण तो दस्ता धरून कोणीतरी खरोखर कुठल्यातरी चिखलात पडून राहिला असणार, आणि त्याला बोल्टचा आकडा माहीत नव्हता.

‘मग ती जशी आहे तशीच ठेवा ना,’ मी म्हणालो.

‘ठेवतोच आहे,’ स्नेही म्हणाले. ‘फक्त ऑप रॉडचं तेवढं बघतोय.’

व्याप्तीविषयी एक खुलासा. इटलीतल्या बेरेटा आणि ब्रेडा यांनीही गॅरंड बनवल्या, आणि बेरेटाकडे तर विंचेस्टरचीच यंत्रसामग्री गेली होती. त्यामुळे त्या रेघोट्या इटलीला पोहोचल्या की नाहीत, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. प्रस्तुत प्रबंधात या शाखांचा विचार केलेला नाही, कारण स्नेह्यांकडे त्या नाहीत. हे वाक्य मी वर जाऊन वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी चहा गाळता गाळता एकच दुरुस्ती सुचवली: ‘नाहीत’च्या आधी ‘अजून’ घाला.