ताटाला तूप

टेक्सासात पंधरा वर्षं काढली. उच्चार सदाशिव पेठीच राहिले, पण गराजमध्ये बसून धडकी वस्तू बिघडवण्याचा इथला शौक अंगात पुरता मुरला.

माझी जुनी बोल्ट ॲक्शन रायफल शंभर यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत पांगवायची. बरी रायफल त्या इंच-दीड इंचात ठेवते. नेम माझा चुकत असेल ही शक्यता मी कुलदैवताला स्मरून फेटाळली आणि निदान केलं : बेडिंग हवं.

ॲक्शन, म्हणजे नळीमागचा लोखंडी भाग, लाकडी दस्त्यात दोन स्क्रूंनी बसवलेली असते. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. बार उडाला की ॲक्शन तसूभर हलते आणि पुन्हा नेमकी तिथेच बसेल याची खात्री नाही. म्हणून दस्त्याच्या खाचेत पोलादाची भुकटी घातलेलं इपॉक्सी भरायचं, त्यात ॲक्शन दाबून बसवायची आणि दिवसभर सुकू द्यायची. तिच्याच मापाचा टणक साचा तयार होतो. फक्त ती त्यात चिकटू नये म्हणून धातूला आधी मेण किंवा बूटपॉलिश चोपडायचं. वड्या थापण्याआधी ताटाला तूप लावतात ना, तेच.

मी लावलं. नळीला लावलं, ॲक्शनला लावलं, स्वतःच्या लेंग्यालाही लावलं. राहिला तो ॲक्शनखालचा धक्का पेलणारा ठोकळा, रिकॉइल लग. त्याच्या पुढच्या बाजूला आणि कडांना टेप लावतात, तीही राहिली. आणि स्क्रू. स्क्रू कोण लक्षात ठेवतो?

दुसऱ्या दिवशी स्क्रू फिरेनात. सोल्डरिंग आयर्नने त्यांची डोकी तापवली, तेव्हा इपॉक्सी मऊ पडून ते कसेबसे निघाले. पण ॲक्शन आणि दस्ता यांच्यात आता द्वैत उरलं नव्हतं. आळंदीला जे साधायला लोकांचे जन्म जातात, ते मी चोवीस तासांत साधलं होतं.

रेंजवरच्या एका म्हातारबुवांना फोन केला. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. धातू आकसतो, इपॉक्सीची पकड सुटते. मी बोल्ट काढून रायफल प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि गराजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, मटार नि गणपतीसाठी आणून ठेवलेले मोदक यांच्यावर तिरकी झोपवली.

बायकोने झाकण उघडून पाहिलं. एवढंच विचारलं, "ताटाला तूप लावलं होतंस का?"

सकाळी रबरी हातोडीच्या सातव्या ठोक्याला टक्क झालं. ॲक्शन निघाली, सोबत दस्त्याचा बोटभर ढलपाही. तो चिकटवला, पुन्हा सगळं केलं, या वेळी तूप लावणारीची देखरेख होती. साचा सुरेख उतरला. रेंजवर गेलो. चार इंच.

म्हातारबुवांनी रायफल हातात घेतली, दुर्बीण अंगठ्याने हलवून पाहिली. ती हलली. तिच्या माउंटचा पुढचा स्क्रू ढिला होता. त्यांनी तो पिळला, पाच गोळ्या मारल्या. सव्वा इंच.

यंदा मोदकांना बूटपॉलिशचा वास येत होता, असं बायकोचं म्हणणं आहे. मला आला नाही.