समीकरणाला कूळ विचारणाऱ्या लेनार्ड यांस

प्रति,
प्रा. फिलिप लेनार्ड,
हायडेलबर्ग

महोदय,

पत्र नमस्काराने सुरू करायची आपली रीत. तुमच्यापुरती मी ती मोडतो. समीकरणाला कूळ विचारणाऱ्यापुढे माझे हात जुळत नाहीत.

तुम्ही अडाणी असतात तर एवढा संताप झाला नसता. १९०५चं नोबेल तुमचं. प्रकाश पडल्यावर धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर तुम्ही केलेल्या प्रयोगांचा उलगडा त्याच वर्षी आइन्स्टाइनने केला. त्याच वर्षी तो हेही म्हणाला, की प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, कुणीही मोजला तरी तेवढाच भरतो. मग माघार घ्यावी लागते ती अंतराला आणि काळाला.

१९२०मध्ये बाड नाउहाइमच्या सभेत तुम्ही आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताविरुद्ध साध्या व्यवहारज्ञानाची साक्ष काढलीत आणि प्रकाशलहरी वाहून नेणारं माध्यम म्हणून कल्पिलेल्या ईथरला कवटाळून बसलात. मायकेलसन आणि मोर्ली यांना तर १८८७मध्येच पृथ्वी ईथरमधून जाताना जाणवायला हवा होता त्या वाऱ्याचा अपेक्षित मागमूस प्रयोगात लागला नव्हता. जन्मभर प्रयोग केलेल्या माणसाला हे दिसू नये?

तरी शंका हा गुन्हा नव्हे. गुन्हा पुढचा आहे. १९२४मध्ये तुम्ही हिटलरची जाहीर तरफदारी केलीत, सापेक्षतेवर ‘ज्यू’ असा शिक्का मारलात आणि १९३६पासून ‘जर्मन भौतिकशास्त्रा’चे चार खंड काढलेत. विद्यापीठांतून ज्यू शास्त्रज्ञ हाकलले गेले, तेव्हा तुम्ही हाकलणाऱ्यांच्या बाजूला होतात.

म्यूऑनने तुमचे खंड वाचलेले नाहीत. हा कण सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तुमचं व्यवहारज्ञान खरं असतं, तर जमिनीवर अब्जावधींतला एखादाच पोहोचला असता. पण प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनला ते १५ किलोमीटर दीडच भरतात, आणि शंभरातले दहाएक खाली उतरतात. आपल्याकडून पाहिलं तर त्याचं आयुष्य दसपट लांबतं, हिशेब तोच. वेगवान म्यूऑन जास्त टिकतात हे १९४१मध्ये कोलोरॅडोत मोजून दाखवणाऱ्यांपैकी एक ब्रूनो रॉसी. इटलीतल्या वंशकायद्यांनी त्याला विद्यापीठातून काढलं होतं. तेव्हा तुम्ही हयात होतात, लेनार्ड!

सिद्धान्त तपासण्याआधी सांगणाऱ्याचं आडनाव विचारणारा प्रत्येक जण तुमचा वारस आहे. माझ्या वर्गात तो प्रश्न चालत नाही. तिथे आधी मोजायचं असतं.

— एक विज्ञानशिक्षक