दुकान मांडलं, पण विकायचं नाही

"म्हणजे एकही झंपर विकला नाहीस?"

शेजारच्या मावशींचा आवाज मागांच्या खडखडाटात घडलेला. घराच्या मागंच शेड, त्यात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कांड्या भरल्या. त्यामुळं हा प्रश्न कुंपण ओलांडून पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला असणार.

"झंपर नव्हेत हो मावशी, शर्ट आणि कुडते. आणि ते विकायचे नव्हतेच."

"विकायचे नव्हते, मग मुंबईला काय पूजा घालायला गेला होता मायलेकी?"

इचलकरंजीत कापडाबद्दल कुणाला काही समजावून सांगणं म्हणजे धाडसच. पण कापडाच्या पुढचं, म्हणजे शिवलेल्या कपड्याचं, आमच्या गावाला तसं थोडं परकंच. आमचा माल ग्रे कापडाच्या ताग्यांत बाहेर पडतो, पालीला नाहीतर बालोतऱ्याला जाऊन रंगतो, आणि पुढं त्याचं काय होतं हे मागवाल्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. आमच्या लेकीनं नेमकं तेच पुढचं आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. इथल्याच मागावरचं डॉबीचं सुती कापड, खिशाला नाहीतर कॉलरच्या आतून गुळेदगुड्डच्या खणाची पट्टी, आणि आत तिच्या नावाचं लेबल. आजवर पुण्यातले हॉल केले, भीमथडी जत्रेत स्टॉल लावला. तिथं बाई येते, अंगाला लावून बघते, शंभर रुपये कमी करायला लावते आणि पिशवी घेऊन जाते. मावशींना प्रदर्शन म्हणजे तेच माहीत.

"हे तसलं नव्हतं," मी म्हटलं. "इथं दारातच जीएसटी नंबर आणि व्हिजिटिंग कार्ड मागतात. साध्या गिऱ्हाइकाला आत सोडतच नाहीत. येतात ते दुकानदार, एजंट, मोठ्या दुकानांचे खरेदीवाले. त्यांनी नमुना बघायचा, ऑर्डर लिहायची. माल नंतर शिवायचा."

"आणि त्या लुकड्या पोरी चालत येतात त्या?"

"तो फॅशन शो. तिथं फोटो काढतात. इथं हिशेब काढतात."

मावशींना हे पटलं. मग मी जरा ज्ञान पाजळलं. कपडे करणाऱ्यांची सीएमएआय म्हणून संघटना आहे, 1963 सालची. तिचं नॅशनल गारमेंट फेअर मुंबईत भरतं. आमचं त्यापुढं अगदीच पिटुकलं. लेकीच्या कॉलेजातली एक मैत्रीण इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन आली. तिथं पुरुषांच्या कपड्यांचं 'पिट्टी उओमो' 1972 पासून चालतं, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, आणि तेही सोळाव्या शतकातल्या एका किल्ल्यात.

"किल्ल्यात शर्ट?" मावशी म्हणाल्या. "बरं. आपल्या मुंबईचं भाडं सांग."

भाड्याचा आकडा मी सांगितला नाही. त्यावर अठरा टक्के जीएसटी असतो एवढंच सांगितलं आणि विषय स्टॉलच्या मापावर नेला. तीन मीटर बाय तीन मीटर. तीन बाजूंना पांढऱ्या फळ्या, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे. पॅकेज म्हणतात ते एवढंच. कपडे टांगायला रॉड हवा, तर पैसे वेगळे. पुतळा हवा, वेगळे. दोन बाजूंनी उघडा कोपऱ्याचा स्टॉल हवा, तर आणखी वेगळे. आमच्या नावाच्या पट्टीत मंडपवाल्यानं एक अक्षर गाळलं होतं. दुरुस्त करायला माणूस आला तोवर निम्मे लोक चुकीचं नाव वाचून गेले. लेकीला रडू कोसळायचं बाकी होतं. मला मात्र वाटलं, नाव वाचायला इथं आलंय कोण?

कारण येणारा माणूस आधी नाव बघतच नाही. तो शर्ट हातात घेतो आणि सरळ उलटा करतो. शिवण बघतो, काजं बघतो, खांद्याची जोड ओढून बघतो. मग विचारतो, सेट काय? म्हणजे एका रंगात एस किती, एम किती, एल, एक्सएल, डबल एक्सएल किती. सुटा नग कुणी घेत नाही. मग एमआरपी. मग त्यात त्याचं मार्जिन. मग डिलिव्हरी कधी, दिवाळीच्या किती आधी. रंग सुंदर आहे, खणाची कल्पना छान आहे, हे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या कुणीही ऑर्डर लिहिली नाही. ज्यानं लिहिली, त्यानं कौतुकाचा एक शब्द काढला नव्हता.

"हातमागाचं आहे का म्हणून नाही विचारलं?"

विचारलं तर! दर दुसऱ्या माणसानं. या सगळ्या प्रकारात माझं डोकं फिरलं असेल तर ते इथंच. फॅशनच्या जगात हातमाग म्हटलं की माणसाचा चेहरा मऊ होतो. यंत्रमाग म्हटलं की हातातला शर्ट परत रॉडवर जातो. शेजारच्या स्टॉलवाल्यानं लेकीला हळूच सांगितलं, "हँडलूम लिहून टाका, कोण बघतंय?" हातमागाला 2006 पासून सरकारी मार्क आहे, त्याची नोंदणी असते, लेबल असतं. ते न घेता नुसतं तोंडानं म्हणणारे तिथं ढीगभर होते. लेकीनं मात्र लेबलवर 'इचलकरंजीच्या मागावर विणलेलं' असं छापलंय आणि विचारलं की सांगते, हो, यंत्रमाग. हातमागवाल्याचं पोट त्या एका शब्दावर आहे, तो आपण चोरायचा नाही, असं तिचं म्हणणं. मला हे पटतं. शिवाय या गावाला लाज वाटावी असं यंत्रमागात काय आहे, हेही मला कळत नाही.

"चांगलं केलं," मावशी म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळानं, "किती ऑर्डरी गेल्या त्यापायी?"

मावशींच्या कौतुकाला अशी शेपटी असतेच.

मग मी त्यांना फोटोवाल्याचा किस्सा सांगितला. 'फोटो काढू नये' अशी पाटी लावली होती तरी एक जण मोबाइल कानाला लावल्याचं सोंग करून कॉलरचे फोटो काढत होता. लेक धावली, तो गर्दीत पसार. तिनं वकिलाला विचारून ठेवलं होतं, म्हणून मला हे ऐकायला मिळालं: कपड्याची रचना आपली म्हणून राखायची, तर डिझाइन कायद्याखाली नोंदवायला हवी. 2000 सालचा कायदा आहे, दहा वर्षं मिळतात, वर आणखी पाच वाढवता येतात. पण अर्ज करायचा तो चारचौघांत मांडण्याच्या आधी. एकदा स्टॉलवर टांगलं की ते जगजाहीर, मग नवं म्हणून नोंदवता येत नाही. सरकारनं जाहीर केलेल्या काही प्रदर्शनांना सूट आहे, पण तिथंही आधी कळवावं लागतं. आणि नोंदवलंच नाही, तर कॉपीराइटही पुरत नाही. पन्नासपेक्षा जास्त नग कारखान्यात निघाले की नोंदवण्याजोग्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो, असं 1957 च्या कायद्यातच लिहिलंय. तिनं दोन डिझाइनं नोंदवली होती. बाकीची देवावर.

मावशी हसायला लागल्या. "अगं, 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. मग त्यांच्याकडं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडं बघून तिसऱ्यानं. या गावात बघूनच सगळं झालंय. आम्ही चौकट काढली की आठ दिवसांत भिवंडीत निघायची. रडत बसलो नाही, नवी काढली."

"तुमचा एक डॉबीचा पट्टा बदलला की झालं. इथं कापड, मास्तर, शिलाई, बटणं, सगळं नव्यानं."

"ते खरं," म्हणाल्या. मावशींनी 'ते खरं' म्हणणं हे आमच्या गल्लीत क्वचितच घडतं.

मग भाव निघाला. आणि इथं आमची खरी फजिती. शर्ट शिवून 700 ला पडतो. दुकानदाराला 1,100 ला द्यायचा, तो 2,200 ला विकणार. दुपटीच्या आसपास नसेल तर त्याचं भाडं, पगार, दिवे, सेलमधली सूट निघत नाही. हे सगळं ठीक. पण इंदूरचा एक दुकानदार अर्धा तास शर्ट चाचपून झाल्यावर शांतपणे मोबाइल काढून बसला आणि त्यानं आमचं इन्स्टाग्राम उघडलं. तिथं तोच शर्ट 1,800 ला. "मी 2,200 ला विकायचा आणि तुम्ही घरबसल्या 1,800 ला? मग माझ्या दुकानात माणूस फक्त माप बघायला येणार." लेक गप्प. बरोबरच होतं त्याचं. पुण्याच्या हॉलमध्ये थेट गिऱ्हाइकाला विकताना मधलं कुणी नव्हतं, म्हणून तो भाव परवडत होता. दुकानातून विकायचं तर आपल्यालाही दुकानाच्याच भावानं विकावं लागतं. त्या रात्री लॉजवर बसून तिनं सगळे भाव बदलले.

जॅकेटाची गोष्ट वेगळी. 22 सप्टेंबर 2025 पासून नगामागं 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आणि त्याच्यावर गेलं की अठरा. तिचं जॅकेट 2,600 ला बसत होतं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पडताना 3,068. अस्तर अर्धं केलं, लाकडी बटणं साधी घेतली, 2,490 ला आणलं. मग कर धरून 2,615 च्या आत. आपण 110 उतरलो, गिऱ्हाइकाचे साडेचारशे वाचले. डिझायनर पोरी बटणं का बदलतात याची उत्तरं असली असतात. मासिकात मात्र 'साधेपणाचं सौंदर्य' म्हणून छापून येतं.

"आणि पैसे कधी?" मावशी कुंपणाच्या आणखी जवळ सरकल्या. एवढा वेळ त्या माझ्याशी बोलत होत्या, आता धंद्याशी बोलायला लागल्या.

पैशाचे प्रकार दोन. एक तर पक्की खरेदी, म्हणजे माल त्याचा झाला, मग विको न विको. दुसरा एसओआर, सेल ऑर रिटर्न. विकला तर पैसे, नाहीतर माल परत.

"म्हणजे कापड आपलं, शिलाई आपली, आणि दुकानात लटकवल्याचे उपकार त्याचे."

"मळलेला माल परत येतो तोही आपला."

मोठ्या दुकानाच्या खरेदीवालीनं एसओआरच सांगितलं, वर नव्वद दिवस. इंदूरवाल्यानं पक्की खरेदी म्हटलं, पण साठ दिवस. लेकीनं त्याला कायदा सांगितला. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराचे पैसे करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, करार नसेल तर पंधरा. 2006 पासूनचा कायदा आहे, उशीर केला तर चक्रवाढ व्याज. आणि आता मुदतीत दिले नाहीत तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरता येतो.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, उद्यम नोंदणी आहे का तुमची? मग विचार करावा लागेल."

"म्हणणारच! 2024 च्या मार्चात सुरतेपासून इथपर्यंत काय कालवा झाला होता या कलमावरून. कित्येक व्यापाऱ्यांनी सरळ सांगितलं, लहान माणसाकडून घेतच नाही, मोठ्याकडून घेतो. कायदा लहानाच्या भल्याचा आणि फटका लहानालाच." मावशींनी पदर खोचला. "किती नग मागतोय तो?"

"चारशे. सगळे एका रंगात, आणि खणाची पट्टीही सगळ्यांना एकाच छटेची."

इथं दुसरी अडचण. खणाचा पन्हा लहान, आणि एका लॉटचा रंग दुसऱ्याला तंतोतंत लागत नाही. चारशे शर्टांना एका छटेचा खण म्हणजे आधीच सूत बाजूला काढून ठेवायला सांगायला हवं, त्याचे पैसे आधी भरायला हवेत. लेकीकडं एक मास्तर, चार शिवणारे. चारशे नग म्हणजे बाकी सगळं बंद.

यावर मावशींनी जे सांगितलं ते लेकीच्या कॉलेजात कुणी शिकवलं नसणार. त्या म्हणाल्या, चारशे घेऊ नकोस म्हणावं, दोनशे घे. कापडापुरते पैसे आगाऊ माग, नाही म्हणाला तर माणूस कळला. पंचेचाळीस दिवस कागदावर लिहून घे. आणि तो अजून कुणाकुणाचा माल घेतो ते विचार. त्यातल्या एकाला फोन कर, पैसे कधी देतो म्हणून विचारायला नको, 'माल परत किती पाठवतो' एवढंच विचार. "आमच्याकडं मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याचं तोंड व्यापाऱ्यापुढं उघडत नाही, पण आपापसांत सगळं बोलतात. दलाल मेला काही सांगत नाही."

लेकीनं तसंच लिहून पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मी मनातल्या मनात स्टॉलचं भाडं बारा हप्त्यांत वाटून बसले होते. काल रात्री मेसेज आला. मी सकाळी मावशींना कुंपणापाशीच वाचून दाखवला: दोनशे चालतील, कापडाचे आगाऊ पाठवतो, पण समान सेट नको, एस अगदी थोडे, एक्सएल आणि डबल एक्सएल जास्त.

"मग हा विकणारा आहे," मावशी म्हणाल्या. "नुसता बघ्या असता तर समान सेट मागितला असता. याला आपलं गिऱ्हाईक माहीत आहे."

"म्हणजे घ्यावी ऑर्डर?"

"घे. पण मास्तरला आत्ताच विचार, डबल एक्सएलला कापड किती जादा जातं. आणि तो दर धरलाय का तिनं, की एमच्याच हिशेबानं लिहून दिलंय?"

मी आत हाक मारली. लेक कॅल्क्युलेटर घेऊनच बाहेर आली.